मुकं चित्र

कोकिळा पळून गेली, असं उत्तमरावानं सोनाळ्यात सगळ्यांना सांगितलं आणि जित्या बहिणीची तेरवी घालून गावाला जेवूही घातलं. त्यांची आई वच्छलाबाई हिचे कान देवीच्या तापात कायमचे गेलेले. मायलेकी बोलायच्या त्या नुसत्या ओठांनी. उत्तमरावाला ते कधी समजलं नाही, त्यानं शिकूनही घेतलं नाही.

सहा वर्षांनी बाजारात तंबूचा सिनेमा आला. खेळ पतिव्रतेचा, म्हणून मोठ्या मिजाशीत त्यानं आईला पुढच्या सतरंजीवर बसवलं. पडदा उजळला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. खोट्या दागिन्यांनी मढलेली, पण ती कोकिळाच होती!

"काऊन बे, घाम फुटला?" शेजारच्या किसनरावानं विचारलं.

"काही नाई, गर्दी हाय," तो म्हणाला. मग त्याचा जीव भांड्यात पडला. मुकं चित्र ते, कोणाला काय सांगणार?

पडद्यावरची पतिव्रता हात जोडून उभी राहिली. तिचे ओठ हलले. पाठोपाठ पाटी आली आणि अडाणी लोकांसाठी पाट्या वाचणारा माणूस ओरडला, "देवा, माझे पती मला परत द्या!" बायांनी डोळ्यांना पदर लावले.

वच्छलाबाई मात्र ताडकन उठली. आपला आवाज किती मोठा निघतो, हे बहिऱ्या माणसाला कळत नाही.



"कोकिळा म्हणून राह्यली, 'माय, मी पळाली नाई. उत्तम्यानं मले इकलं!'"