बटणला सोबत न्यायचंय

फादर कम्युनियनचा प्रसाद घेऊन आजारी टेलरबाईंच्या खोलीत शिरले, तर ते नेहमी बसत त्या खुर्चीवर जनावरांचे डॉक्टर बसलेले. मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात. बाईंचा कुत्रा बटण त्या बॅगेला नाक लावून शेपटी हलवत होता.

बटणला काय झालं, फादरनी विचारलं. काहीच नाही, डॉक्टर म्हणाले. दात पाहिले, छाती तपासली, अजून सहा-सात वर्षं या कुत्र्याला मरण नाही. एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघू लागले.

"मीच बोलावलं त्यांना," टेलरबाई उशीवरून म्हणाल्या. आवाज पार बसला होता, पण हुकूम पूर्वीचाच होता. हॉस्पिटलवाल्यांनी त्यांना आठवड्याची मुदत देऊन घरी पाठवलं होतं, आणि त्यातले तीन दिवस सरले होते. "बटणला इंजेक्शन द्यायचंय. आज दिलं की तो माझ्याआधी पोचेल. मी जाईन तेव्हा दारात उभा असेल."

हे सगळं फादरांचंच कर्तृत्व होतं.

गेल्याच शुक्रवारी बाईंनी विचारलं होतं, बटण येईल का हो स्वर्गात? फादर मूळचेच मऊ. कुणाला नाही म्हणायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा. लग्नाच्या तारखा असोत की गाणाऱ्या मंडळातली भांडणं, ते दोन्हीकडच्यांना हो म्हणून मोकळे व्हायचे आणि मग निस्तरत बसायचे. त्या दिवशीही बाईंचा हात हातात घेऊन ते म्हणाले होते, येईल, नक्की येईल, देवानं घडवलेलं काही वाया जात नाही. बाई कितीतरी दिवसांनी हसल्या होत्या. फादर त्या खुशीत घरी जाऊन दोन घास जास्तच जेवले होते.

"धडधाकट कुत्र्याला मी इंजेक्शन देत नाही," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "पण बाई म्हणतात, फादरनी खात्री दिलीय. आणि मागं त्याला सांभाळायला कुणी नाही. तुम्ही हो म्हणा, मी देतो. हे तुमच्या खात्यातलं आहे, माझ्या नाही."

फादरनी आडवळणानं जाऊन पाहिलं. बाईंच्या भाचीचं नाव काढलं. भाचीच्या मुलाला दमा होता, तिच्या घरात कुत्रा चालणार नव्हता. मग मीच ठेवून घेतो, ते म्हणाले. बाईंनी मान हलवली. आधीच्या फादरनी हौसेनं मांजर पाळलं, तीन वर्षांनी त्यांची बदली झाली, आणि ते मांजर चर्चच्या पायऱ्यांवर खंगून मेलं, हे बाईंनी रोज येता-जाता पाहिलं होतं. फादरनी शेवटचा उपाय केला. तो देवाच्या वेळेनं येईल, असं म्हणाले.

"तोवर कुणाच्या दारात झोपायचं त्यानं?" बाईंनी विचारलं. "आणि इतक्या वर्षांत मला विसरला तर?"

चाळीस वर्षं चर्चच्या सगळ्या कुटुंबांची कपड्यांसाठी मापं घेतलेली बाई होती ती. कापड कुठं कमी पडतंय ते तिला लांबूनच दिसायचं.

बटण फादरांच्या बुटावर हनुवटी टेकून पसरला. दोन मिनिटांचं काम आहे, त्याला कळणारसुद्धा नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बॅगेची चेन उघडली.

"थांबा," फादर म्हणाले. "बाई, मला ठाऊक नाही."

"काय ठाऊक नाही?"

"बटण तिथं येईल की नाही ते. मला आशा आहे, खरंच आहे. पण नक्की म्हणालो ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणालो. त्याला मी नेईन. बदली झाली तर जिथं होईल तिथं नेईन. पण आज हे करू नका."

डॉक्टरांनी चेन लावली, बाईंना नमस्कार केला आणि ते बाहेर पडले. सुटका झाल्यासारखे भरभर गेले. बटण त्यांना दारापर्यंत पोचवून परत आला. कुत्रा वाचला होता, फादरांना हायसं वाटायला हवं होतं. पण बाईंच्या चेहऱ्याकडे त्यांना बघवेना.

"दोन वर्षांपूर्वी आमच्या यांना पुरलं," बाई म्हणाल्या. "तेव्हा माती टाकून झाल्यावर तुम्ही मला म्हणालात, भेट होईल तुमची. ते तुम्हाला ठाऊक होतं? की तेही मला बरं वाटावं म्हणून?"

"ते ठाऊक आहे," फादर म्हणाले. लगेच म्हणाले, बाईंचा हात हातात घेऊन. आणि म्हणता म्हणताच त्यांच्या ध्यानात आलं, गेल्या शुक्रवारी आपला आवाज अगदी असाच होता.

बाईंनी हात सोडवून घेतला नाही. पण दाबलाही नाही.

फादरनी खिशातली डबी उघडली. प्रसादाची पांढरी चकती बाईंच्या डोळ्यांसमोर धरून ते म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर."

यावर फक्त आमेन, म्हणजे हो, हे खरं आहे, एवढंच म्हणायचं असतं. लहानपणापासून बाई ते न चुकता, न थांबता म्हणत आल्या होत्या. आज बाई चकतीकडे न बघता फादरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि फादर हात तसाच वर धरून उभे राहिले.