पतंग की पिशवी

"आता आणखी काय बघायचंय आईंना!" असं पुटपुटत सून कॉम्प्युटरवरून उठली आणि गॅलरीत गेली. सासूबाईंचं हे रोजचंच झालं होतं. जरा काम रंगात आलं की हाक यायची. "समोरच्या गच्चीवरची टाकी वाहतेय का गं? आणि त्या पलीकडच्या झाडात पतंग अडकलाय की पिशवी?" सून बघून सांगायची आणि परत येऊन बसायची. आईंची नजर अधू झालीय हे घरात सगळ्यांना कळत होतं, पण त्यांच्यापुढे बोलणार कोण? नवरा तर विषय निघाला की अंघोळीला पळायचा.

शेवटी आज तिनेच धीर केला. "आई, राग मानू नका, पण तुम्हाला लांबचं दिसेनासं झालंय. आपण डॉक्टरांकडे जाऊ."

सासूबाई खुदकन हसल्या. "पिशवीच आहे ती. निळी. एक बंद तुटलाय तिचा." मग सुनेचे लालबुंद डोळे न्याहाळत म्हणाल्या, "घड्याळजीशी संसार केलाय मी. जवळ बघून काम करणाऱ्या माणसाला 'डोळ्यांना जरा विसावा दे' म्हटलं, की तो नुसतं 'हो' म्हणतो. हाक मारली, की मात्र उठतो आणि लांब बघतो."