खरा आकडा

पूरग्रस्तांच्या छावणीला लागतील त्याच्या दुप्पट तंबू मागायचे, ही तोरुनची जुनी सवय. कारण गोदामवाले मागितल्याच्या निम्मेच पाठवायचे. हे गुपित तिनं बर्गेन शहरात, यार्ले या मित्राच्या स्वयंपाकघरात, त्यानं साच्यात भाजलेले जाळीदार वाफल खाताना एकदा सांगून टाकलं. यार्ले विद्यापीठात मदतकार्याचं मॉडेल बांधत होता. एकानं काय केलं की दुसरा काय करतो, याचे गोल फिरणारे बाण काढायचा.

"अगं, तू फुगवून मागतेस म्हणून ते कापतात, आणि ते कापतात म्हणून तू फुगवतेस," तो म्हणाला होता. "एकदा खरा आकडा सांगून बघ. चक्र आपोआप तुटेल."

यंदाच्या पुरात तिनं खरा आकडा सांगितला. तंबू निम्मेच आले. निम्मी छावणी लेकराबाळांसकट चिखलात झोपली.

परतल्यावर ती थेट यार्लेच्या स्वयंपाकघरात शिरली, ओला कोटही न काढता.

"या खेपेचा आकडा खरा आहे, हे गोदामवाल्यांना सांगणार होतास ना तू? विसरलास?"

"विसरलो नाही. सांगितलंच नाही."

"का?"

"एकटाच कोणी खरं बोलला तर त्याचाच गळा कापला जातो, असं मॉडेल म्हणत होतं." यार्लेनं तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि वाफलच्या साच्यात पीठ ओतलं. "प्रत्यक्षात तसं होतं का, तेवढंच बघायचं होतं. बस ना. आता सांग, पुढच्या पुराला किती मागशील?"