बुधवारचे कळप

यादीतलं तिसरं नाव वाचून अमृतचा हात कीबोर्डवरच थबकला. भाऊसो. म्हणजे त्याचेच वडील, आटपाडीकडच्या माळावर मेंढ्या राखणारे. फोनवर पशुवैद्य डॉक्टर अनीश ताटकळले होते. "नावं सांगा लवकर. जीप सुरू करून बसलोय." अमृतनं एकेक नाव सांगितलं. तिसरंही सांगितलं.

मेंढपाळ संघानं गेल्या आठवड्यात माळोमाळी टोचणी केली होती. त्यातली औषधाची एक पेटी बिघडलेली निघाली. ती बुधवारी फोडली आणि बुधवारीच संपली, एवढं नक्की होतं. त्या औषधाची बाधा आठवड्यानं दिसते आणि दिसली की मेंढी हाती लागत नाही. उताऱ्याचं इंजेक्शन होतं, पण तेही काही साधंसुधं नव्हतं. गाभण मेंढीला दिलं की ती गाभडते. बाधलेली असेल तर कोकरू जातं आणि मेंढी तरी वाचते. बाधलेली नसेल तर कोकरू फुकट जातं. तेव्हा बुधवारी कुणाकुणाचे कळप टोचले, हे धडपणे कळणं भाग होतं. टोचणाऱ्या मदतनीसांना विचारावं तर ते म्हणाले, रोज नवा माळ, कोण ध्यानात ठेवतंय, ॲपमध्ये आहे की सगळं.

ॲप कराडात बनलं होतं, अमृतच्या हातानं. मेंढक्याच्या मुलानं मेंढरांसाठी ॲप केलं म्हणून संघानं त्याला फेटासुद्धा बांधला होता. तारखेनं नोंदी शोधायची ओळ तर त्यानं डोळे झाकून लिहिली होती. ओआरएम नावाची एक सोय असते. तिच्यामुळं डेटाबेसशी त्याच्या भाषेत बोलावं लागत नाही. तारीख अमुक, एवढं म्हटलं की बाकीची उठाठेव ती सोयच करते.

त्यानं वडिलांना फोन लावला.

"आबा, डॉक्टर निघाल्यात. आपली बी मेंढरं टोचायची हायत."

"समदी गाभण हायत रं. व्यायला टेकल्यात."

"म्हाईत हाय. पर मेंढरं तरी वाचतील."

"आरं, पर आपली बुधवारी टोचलीच न्हाईत. बेस्तरवार हुता. तुझ्या आयचा उपास हुता. त्या माणसांस्नी च्यासंगं शाबूची खिचडी दिली की तिनं."

"आबा, कंप्युटरला बुधवार दिसतोय. तुमचा एका दिसाचा घोळ झाला असंल."

बाजारात व्यापाऱ्याला शब्दाला शब्द लावणारे भाऊसो लेकाच्या शिक्षणापुढं मात्र कधीच वाद घालत नसत. "तू म्हंतोस तर बुधवारच असंल," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुपारी अमृतला घास जाईना. आई एक वेळ पोरांना विसरेल, पण गुरुवार विसरायची नाही. डबा तसाच झाकून त्यानं वडिलांची मूळ नोंद उघडली. ॲपच्या पडद्यावर नुसती तारीख दिसते, डेटाबेसात वेळही असते. तारीख बुधवार होती. वेळ होती रात्री अकरा चाळीसची.

रात्री अकरा चाळीसला मेंढरं कोण टोचतं? त्या वेळी माळावर कुत्र्याखेरीज कुणी जागं नसतं. त्यानं दुसरी नोंद उघडली, मग तिसरी. सगळ्या मध्यरात्रीच्या थोड्या आधीच्या. सर्व्हरचं घड्याळ भारताच्या वेळेवर लावलेलंच नव्हतं. ते साडेपाच तास मागं चालत होतं आणि तारीखही आपलीच धरून बसलं होतं. गुरुवारची पहाट त्याच्या लेखी बुधवारची रात्र होती. बुधवारच्या पहाटे टोचलेले खरे कळप मंगळवारात जाऊन बसले होते.

चाचणी घेताना हे दिसलंच नव्हतं. खोट्या नोंदी त्यानं ऑफिसात बसून भर दुपारी भरल्या होत्या, आणि दुपारी दोन्ही घड्याळांची तारीख एकच असते. पण मेंढरं टोचतात ती पहाटे, रात्री ज्या जाळ्यात कोंडतात त्या वाघरीत असतानाच. एकदा माळाला सुटली की कोण धरतंय त्यांना? एखाद्या शहरी प्रोग्रामरला हे ठाऊक नसतं तर चाललं असतं. वाघरीशेजारी झोपून लहानाचे मोठे झालेल्या अमृतला ते आठवू नये, याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

लाजायला तरी वेळ कुठं होता? बुधवारची पहाट आपल्या घड्याळानं धरून त्यानं पुन्हा शोध घेतला. दुसरीच नावं आली. सकाळच्या यादीतलं एकही नाव त्यात नव्हतं. त्यानं ती डॉक्टरांना पाठवली आणि फोन लावला. तो लागेना. वडिलांचा लागला, पण कितीतरी वेळ नुसताच वाजत राहिला. शेवटी भाऊसोंनी उचलला.

"आबा, डॉक्टरांस्नी थांबवा. आपल्या मेंढरांना सुई लावू देऊ नका. बेस्तरवारच हुता. तुमचंच बराबर हाय, माझं चुकलंय."

पलीकडून मेंढरांची ओरड येत होती.

"आरं, हितं समदीच म्हणत हुती बेस्तरवार हुता म्हणून," भाऊसो सावकाश म्हणाले. "कोण मेंढरू धरू दीना. मग म्या म्हणलं, माझ्या लेकानं केल्यालं हाय, चुकायचं न्हाई. आन पयली आपली टोचून घेतली, तवा कुठं बाकीच्यांनी धरू दिली."