संघाचा बिगुल

परदेशी पलटणीत नोकरी केलेला कुणीही गावात वारला की माजी सैनिक संघाचा बिगुल त्याला घाटापर्यंत पोचवायचा. ब्रह्मदेशच्या लढाईतून परतलेल्यांनी संघ काढला, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. म्हणून काठमांडूहून जीपने आलेली मुलाची शवपेटी अंगणात ठेवून तिलमाया आधी संघाच्या ओसरीवर आली.

"दाजू, माझ्या मिलनसाठी एकदा वाजवा."

अध्यक्ष जसबहादूर गुरुंग स्वतः इंग्रजांच्या पलटणीतले हवालदार. त्यांनी कोटावरची मेडलं सारखी केली.

"बहिनी, तुझं दुःख कळतंय मला. पण तो कतारला इमारतीवरून पडला. परक्याच्या मुलखात, परक्याच्या पगारासाठी गेलेला जीव. त्याला बिगुल दिला तर आमच्या बिगुलाचा मान काय राहिला?"

तिलमाया भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत राहिली.

"हे तुमचे बा ना? कुठे पडले?"

"ब्रह्मदेशात! इंग्रजांकडून लढताना," हवालदारांचा आवाज चढला.

"पगारावरच होते ना?"

"होते की. म्हणून काय झालं?"

"आणि त्यांना घाटावर कुणी नेलं?"

"घाटावर कसले नेतायत? देह आलाच नाही. नुसती तार आली. आई जन्मभर वाटेकडे बघत बसली."

तिलमाया पदर खोचून उठली.

"मग कतारचा मालक बरा म्हणायचा, दाजू. त्यानं माझं पोर परत तरी पाठवलं."