बुवांचं रेकॉर्डिंग

खारघरच्या कॉलेजात सायबर सुरक्षेचं प्रॅक्टिकल होतं. घरच्यांना आधी सांगून खोटा मेसेज पाठवायचा आणि कोण फसतं ते पाहायचं. स्नेहलने आईला लिहिलं, "कमळाकरबुवांच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग सापडलं. ऐकण्यासाठी इथे दाबा." कमळाकरबुवा म्हणजे तिचे बाबा; ते गेल्यावर त्यांचा आवाज कुणाकडेच उरला नव्हता. लिंक दाबणाऱ्यांचे नंबर दाखवणाऱ्या लॅबच्या स्क्रीनवर आईचा नंबर पुन्हा पुन्हा उमटत राहिला.

दिवाळे गावात घरी येताच स्नेहल आईवर चिडली. "आख्ख्या वर्गाच्या घरच्यांत फसलीस ती तूच! सकाळी बजावलं होतं ना, आज माझा खोटा मेसेज येईल म्हणून?"

"मेसेज खोटा, ता ठाव होता गो," आई म्हणाली. "पन धाडनारी तू. मना वाटला, आवाज तरी खरा घातला असशील."