घरच्या बेसची एकच जागा

"काकू, तेवढी जागा सोडा ना," बडबडी म्हणाली. "आम्ही बाकीच्यांनी सोडलीय."

नव्या वैमानिकांचं प्रशिक्षण आज संपत होतं. कुणाला कुठलं विमान, कुठला बेस, ते आता ठरणार होतं. सगळे एकाच दिवशी रुजू झालेले, त्यामुळे वयानं मोठा तो सीनियर, असा कंपनीचा रिवाज. म्हणजे पहिली निवड काकूंची, शेवटची छोटूची.

या शहरात जागा एकच, तीही छोट्या विमानावर. पण रोज संध्याकाळी घरी परत! बाकी सगळ्या देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मोठ्या विमानावर.

छोटूचे वडील अंथरुणाला खिळलेले. दिवसा शेजारी बघायचे, रात्री मात्र घरचं माणूस हवंच. बडबडीनं हे त्याच्याकडून खोदून खोदून काढलं होतं. आईचा विषय निघाला तसा तो गडबडला. बडबडीनं काय ते ओळखलं आणि पुढे विचारलं नाही. मग तिनं सगळ्या वर्गाला पटवलं. अडून बसल्या त्या एकट्या काकू.

"इतकी वर्षं घर सांभाळून इथवर आलेय," काकू म्हणाल्या. "आता पहिला नंबर सोडू होय?"

"अहो, त्या पोराचा तरी विचार करा!"

"त्याला मोठं विमानच शोभेल." काकू छोटूकडे वळल्या. "कॉलर नीट कर रे."

त्यानं मुकाट्यानं कॉलर नीट केली. कमाल आहे बाई, बडबडीला वाटलं, वर हुकूमही सोडतात!

सर आले. ओळखीपाळखी दाराबाहेर ठेवा, असं पहिल्याच दिवशी बजावणारे हे सर. त्यांच्याकडे दाद मागण्यात काही अर्थ नव्हता.

काकूंनी घरचा बेस मागितला. बडबडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सगळ्यात शेवटी छोटू उठला. "मोठं विमान," तो म्हणाला आणि त्याचा आवाज कापला. बडबडीला भरून आलं.

वर्ग सुटला. त्याला धीर द्यावा म्हणून ती चहाचे दोन कप घेऊन बाहेर धावली. छोटू जिन्यापाशी फोनवर बोलत होता, आणि चक्क हसत होता. शेजारी काकू डोळे पुसत होत्या.

"बाबा, मिळाला घरचा बेस! थांबा, देतो."

त्यानं फोन काकूंच्या हातात दिला.

"अहो," काकू म्हणाल्या, "आता रोज संध्याकाळी मी घरी. आणि आपलं पोरगं मोठं विमान उडवणार!"